तीन सायकली विकून एक ग्रॅव्हल बाइक घ्यावी का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. घरात माझ्या तीन सायकली आहेत: रोज ऑफिसला जायची हायब्रिड, रविवारची रोडबाइक आणि पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल. मुलगी यंदा दहावीला गेली आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलासाठी बाल्कनीतली जागा मोकळी करायची आहे. म्हणून वर्षभराची नोंदवही काढून बसलो. हायब्रिड २८०० किलोमीटर, रोडबाइक १९००, एमटीबी फक्त १४०.

मी शर्यती करत नाही. महिन्यातून दोनदा सिंहगड, वर्षातून एखादी २०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी), आणि जमेल तेव्हा नीरेच्या कालव्याकडेचा कच्चा रस्ता. हे सगळं एकाच ग्रॅव्हल बाइकवर (रोडबाइकसारखं वाकडं हँडल पण जाड टायर, डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारी) होईल असं दुकानात सांगतात, पण दुकानदार ते सांगणारच. ज्यांनी प्रत्यक्ष असं केलं आहे त्यांना विचारतो: एकच सायकल उरल्यावर तुम्हाला कशाची आठवण येते?

रात्रपाळी

नाशिकहून. मी २०२१ मध्ये रोडबाइक विकून ग्रॅव्हल घेतली आणि त्यानंतरच्या सगळ्या बीआरएम तिच्यावरच केल्या, ६०० पर्यंत. २०० ला साडेतेरा तास असतात, ६०० ला ४०. या वेळेत बसायला वेगवान सायकल लागत नाही. सायकलवरून कमी वेळा उतरावं लागलं म्हणजे झालं. रात्री दोन वाजता कसारा घाटाच्या अलीकडे डांबर उखडलेल्या पट्ट्यात २५ मिमी रुंदीचं टायर घेऊन जाणारे खाली बघत खड्डे चुकवत असतात, मी ३५ च्या गुळगुळीत टायरवर सरळ निघून जातो. पहाटे मनगटं ठणकत नाहीत हा सगळ्यात मोठा फायदा.

टायर मात्र गोट्यांचं, म्हणजे वर रबराचे उंचवटे असलेलं, ठेवू नका. ग्रॅव्हल मंद असते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सायकलबरोबर आलेली खडबडीत टायरं कधी बदललेलीच नसतात.

चढण_उतरण

रात्रपाळी म्हणतात ते बीआरएमपुरतं खरं आहे. पण घाटमाथा, तुम्ही रविवारी ग्रुपबरोबर जाता का? जात असाल तर थांबा आणि विचार करा.

मी वर्षभर एक-चक्री ग्रॅव्हल चालवली, पुढे ४० दात्यांची एकच चकती आणि मागे ११-४२ ची कॅसेट, म्हणजे ११ पासून ४२ दात्यांपर्यंतच्या चकत्यांचा संच. त्या कॅसेटवर ११ नंतर थेट १३, मग १५, मग १७. रोडच्या ११-२८ वर ११, १२, १३, १४, १५ असे एकेक दात्याने चढत जातात. ताशी ३४-३५ ने दहा जण एकामागे एक चाललेले असताना पायाची लय एका गिअरवर जड होते आणि दुसऱ्यावर मोकळी फिरते, मधला गिअरच नाही. एकट्याने फिरताना हे जाणवत नाही, ग्रुपमध्ये पहिल्या तासातच जाणवतं. मी परत रोडबाइक घेतली. घ्यायचीच असेल तर पुढे दोन चकत्यांची घ्या.

मीनल_सातारा

माझं मत उलट आहे, आणि कारणही वेगळं आहे. तुम्ही सगळे जुने रस्ते नव्या सायकलवर मोजताय. मला ग्रॅव्हलने नवे रस्ते दिले.

आधी माझ्याकडे रोडबाइक होती तेव्हा साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि त्याच रस्त्याने परत, एवढंच ठरलेलं. पवनचक्क्यांमधून जे मुरमाचे फाटे फुटतात तिकडे बघायचे आणि मागे वळायचे. आता त्याच पठारावर सकाळचे तीन तास कसे जातात कळत नाही. पाणंदीतून घातली की शेतकरी थांबवून विचारतात, कुठल्या गावच्या, चहा घेता का. हायवेवर मला कुणी चहा विचारला नव्हता.

उंची कमी असणाऱ्यांसाठी एक सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच. ७०० च्या, म्हणजे रोडबाइकच्या नेहमीच्या मापाच्या चाकावर ४० चं टायर बसवलं की वळताना पुढचं चाक बुटाला लागतं. मी ६५०बी ची, म्हणजे त्याहून लहान मापाची चाकं आणि ४७ चं टायर घेतलं. रिम लहान, टायर जाड, त्यामुळे बाहेरून चाकाचा व्यास ७००×२८ एवढाच, ६७८ मिमी. सायकल रोडबाइकसारखी वळते आणि खडीवर गादीवर बसल्यासारखी चालते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, मागून घ्यावं लागतं.

डोंगरवाट

एमटीबीवाल्यांच्या वतीने एवढंच: ग्रॅव्हल बाइक कच्च्या रस्त्यासाठी आहे, पाऊलवाटेसाठी नाही. सुटे दगड, पायऱ्या, पावसाने खणलेल्या घळी असलेला उतार सस्पेन्शनशिवाय आणि वाकड्या हँडलवर उतरू नका. माझ्या मित्राचं खांद्याचं हाड त्यातच मोडलं. मात्र घाटमाथा वर्षात १४० किमी एमटीबी चालवत असतील तर ती विकायला माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाखाली चालेल.

नवखा_सांगली

कुणी एमटीबी विकत असेल तर मला सांगा. कॉलेजात आहे, बजेट १५ हजार. दंडोबाच्या डोंगरावर जायचंय.

आप्पा_मिरासदारवाडा

वय ७१. तुमची चर्चा आवडीने वाचतो आहे.

माझ्या वडिलांची काळी सायकल होती. तिचं टायर २८ × १½. आजच्या मोजमापात ते ४०-६३५, म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर. तुम्ही जिला ग्रॅव्हलचं टायर म्हणता तीच रुंदी. हँडलचा दांडा मागे कललेला, दोन चाकांमधलं अंतर लांब, त्यामुळे खडीवर सरळ चालायची. त्या सायकलवर वडील शाळेत शिकवायला जात, शनिवारी आठवड्याच्या बाजाराचं पोतं आणत, आणि सुगीत ज्वारीच्या पेंढ्या. आईला दवाखान्यात त्याच सायकलवरून नेलं होतं. त्या काळी तालुक्याला जाणारा रस्तासुद्धा खडीचाच होता, म्हणून रस्त्याची सायकल आणि कच्च्याची सायकल हा भेदच नव्हता.

फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत १९१० साली पहिल्यांदा टूरमालेचा घाट घेतला तेव्हा तिथेही डांबर नव्हतं. डांबर आलं, टायर बारीक झालं, मग बारीक टायरला जिथे जाता येईना तिथे जायला वेगळी सायकल करावी लागली. ग्रॅव्हल बाइक ही तुटलेली दोन टोकं परत जोडते आहे असं मला वाटतं. मात्र त्या काळ्या सायकलला कॅरिअर, मडगार्ड, स्टँड आणि कुलूप जन्मतःच होतं. एका सायकलने घर चालवायचं तर हे चार दागिने आधी बघा.

मीनल_सातारा

आप्पा, ४०-६३५ वाचून उठून अडगळीतल्या आजोबांच्या सायकलचं टायर बघून आले. खरंच २८ × १½ लिहिलं आहे!

कापूसपट्टा

बीडहून लिहितो. पुण्या-साताऱ्याच्या लोकांनी काट्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्याकडे बाभूळ आणि सराटा. बाभळीचा काटा एक छिद्र पाडतो, सराट्याच्या शेतकडेला दहा फूट सायकल घातली की दोन्ही चाकांत मिळून वीस छिद्रं. ट्यूब घालून ग्रॅव्हल चालवायची तर दर रविवारी पंक्चर काढायची तयारी ठेवा.

ट्यूबलेस केलं, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) ओतलं, तेव्हापासून सराटे टायरला चिकटलेले असतात आणि मी चालत असतो. वाटेत काढायचे नाहीत, घरी येऊन एकेक उपसायचा, चाक फिरवायचं, सीलंट छिद्र बुजवतं. पण एप्रिल-मे मध्ये आमच्या उन्हात हे सीलंट दोन महिन्यांत वाळून रबराची साय होते. डबीवर काही का लिहिलेलं असेना, उन्हाळ्यात दर सहा आठवड्यांनी हलवून आवाज ऐकायचा. आत पाणी डुचमळलं नाही की भरायचं.

रात्रपाळी

कापूसपट्टा, एक भर घालतो. बाभळीचा मोठा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला तर सीलंट पुरत नाही. जवळ रबराची वातीसारखी पट्टी आणि ती खुपसायचा टोच्या ठेवा, शिवाय एक ट्यूबही. सिन्नरच्या पुढे मला एकदा तिन्हींची गरज लागली.

पेचकस

मी सायकली खोलतो-जोडतो, दुकान नाही, छंद आहे. या धाग्यावर अजून कुणी विचारलं नाही पण विचारणार हे नक्की: जुन्या हायब्रिडलाच वाकडं हँडल लावून ग्रॅव्हल करता येईल का?

करता येते, पण स्वस्तात नाही. हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) केबल जास्त ओढावी लागते, रोडच्या लिव्हर कमी ओढतात. सरळ जोडलं तर ब्रेक अर्धवटच लागतो, आणि हे उतारावर कळतं. गिअरचंही तसंच, एमटीबीच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) रोडचा शिफ्टर बहुतेक वेळा जुळत नाही. शिवाय हायब्रिडची फ्रेम सरळ हँडल धरून लांब केलेली असते. त्यावर वाकडं हँडल लावलं की हात पुढे पुढे जातात आणि मान दुखते. मी अशा तीन सायकली करून बघितल्या. तिन्हींवर झालेला खर्च जुनी विकून नवी घेण्याएवढाच झाला. हायब्रिडला ४० चं चांगलं टायर बसत असेल तर तेवढं बदला, हँडल राहू द्या.

घाटमाथांना माझा सल्ला वेगळा आहे: सायकल एक, चाकांच्या जोड्या दोन. एका जोडीवर ३० चं गुळगुळीत, दुसरीवर ४० चं गोट्यांचं. पाच मिनिटांत बदलता येतात. पण तीन गोष्टी आधी बघा. दोन्ही जोड्यांची हबं (चाकाच्या मधले तुंबे) शक्यतो सारखी घ्या, नाहीतर डिस्क अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होते आणि दर वेळी ब्रेक घासतो. दोन्हींवर एकाच मापाची कॅसेट घ्या. आणि रिमच्या कडेला आतून हुक नसेल तर ७२ पीएसआयच्या वर हवा भरू नका, अशा रिमला ५ बारची मर्यादा आहे. रोडची सवय असलेला माणूस ९० भरतो आणि टायर रिमवरून उडतं. २५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर २५ चं टायर तर चढवूच नका.

चढण_उतरण

पेचकस, दोन जोड्यांचा उपाय मीही केला होता. ४० वरून २८ वर आलं की सायकलचा मधला भाग, जिथे पेडलचा आस असतो, १२ मिलिमीटर खाली येतो. ग्रॅव्हलमध्ये तो आधीच खाली असतो. खंबाटकीच्या वळणावर आतलं पेडल डांबराला घासलं तेव्हा पोटात गोळा आला होता. तुम्ही ३० म्हणालात ते बरं, ३२ आणखी बरं.

पेचकस

बरोबर आहे. ३२ करा.

कॅन्ससची_कांदेभजी

अमेरिकेतून वाचते आहे. ग्रॅव्हल जिथे मोठी झाली त्या भागात आम्ही नऊ वर्षं राहतो, म्हणून लिहावंसं वाटलं. इथे शेतजमीन मैला-मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे आणि बहुतेक चौकोनांच्या कडेने खडीचा रस्ता जातो. गाडी तासाला दोन-चार दिसतात. डांबरी रस्त्यावर सायकल चालवायची भीती वाटते म्हणून मी खडीवर गेले, हौस नंतर आली. एम्पोरिया गावातली २०० मैलांची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली, फ्लिंट हिल्समधून जाते. नावाप्रमाणेच चकमकीचे दगड, कडा पात्यासारख्या, टायर कापतात. मी १०० मैलांची केली आहे.

इथल्या शर्यतीसाठी बनवलेल्या ग्रॅव्हल बाइक आता रोडबाइकसारख्याच ताणलेल्या झाल्या आहेत. २०२२ पासून जागतिक अजिंक्यपदही भरतं आणि तिथे रोडचेच दिग्गज जिंकतात. त्यामुळे "ग्रॅव्हल" हे नाव बघून घेऊ नका. एकच सायकल ठेवायची तर फिरायला बनवलेली घ्या: हँडल थोडं वर, टायरला ४५ पर्यंत जागा, कॅरिअर आणि मडगार्डचे आटे. आप्पांचे चार दागिने तिथेच बसतात.

आप्पांचं लिहिणं वाचून माझ्या आजोळची, येवल्याची सायकल आठवली. मांडीखालून पाय घालून चालवायचो.

जांभा

मांडीखालून नाही हो, नळीखालून! कैची म्हणायचो आम्ही. दांड्याच्या खालून पाय पलीकडच्या पेडलवर आणि सायकल तिरकी. मी रत्नागिरीची अख्खी आळी कैचीवर पालथी घातली आहे.

कॅन्ससची_कांदेभजी

कैची! तो शब्द वीस वर्षांनी ऐकला.

आप्पा_मिरासदारवाडा

कैची, मग दांडी, मग सीट. सीटवर बसून पाय पुरले त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले होते.

जांभा

मूळ विषयाबद्दल. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे किनाऱ्याने गेलो: श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे. दोन रोडबाइक, एक एमटीबी, एक ग्रॅव्हल. रोडवाले जेटीच्या उतारांवर आणि काम चाललेल्या पट्ट्यांत उतरून चालत होते. एमटीबीवाला सपाटीला मागे पडायचा. ग्रॅव्हल माझी होती आणि तिची कुठे अडचण झाली नाही. पण चढाचं खरं श्रेय गिअरला. पुढे ३० दाते, मागे ३४, म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाकाची पूर्ण फेरीही होत नाही. केळशीच्या पुढचा चढ सामानासकट बसून चढलो. रोडवाल्या मित्राकडे ३४-२८ होतं, त्याचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलू लागले.

चढण_उतरण

वरच्या टोकाचंही सांगतो, कारण लोक तिथे घाबरतात. पुढे ४६ मागे ११, पेडल मिनिटाला ९० फिरवलं तर ताशी जवळपास ५०. रोडच्या ५०-११ वर ५२. हा दोन किलोमीटरचा फरक उतारावरच कळेल आणि तिथे पेडल मारायची गरज नसते. माझी तक्रार मधल्या उड्यांची होती, वरच्या वेगाची नाही.

अनुभव_शून्य

पैशांचं कुणीच बोललं नाही. ग्रॅव्हल लाखाच्या आसपास, त्यात दुसरी चाकं.

पेचकस

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, भाव विचारताना नवा भाव विचारा. आणि तीन सायकलींच्या तीन चेन, तीन कॅसेट, सहा टायर यांचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा. तिथे एका सायकलची बाजू जड होते.

घाटमाथा

मंडळी, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण नुसतं वाचून ठरवायचं नव्हतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिच्या नवऱ्याची ग्रॅव्हल दोन रविवार वापरायला दिली. दोन चकत्यांची, ३८ चं टायर.

पहिल्या रविवारी सिंहगड. गोळेवाडीपासून वर मला रोडबाइकवर ५८ मिनिटं लागतात, हिच्यावर ६१ लागली. पण माथ्यावर पोचलो तेव्हा बोलण्याएवढा श्वास शिल्लक होता. उतरताना तर फरक फारच मोठा. रोडबाइकवर मी दर वळणाआधी खडी शोधत उतरतो, बोटं ब्रेकवर आखडलेली. या वेळी दरीकडे बघत उतरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या रविवारी गाडीत सायकल टाकून नीरेला गेलो आणि डाव्या कालव्याच्या कडेने बारामतीच्या दिशेने निघालो. दोन्हीकडे ऊस, कालव्यात पाणी भरून, टायरखाली मुरमाचा बारीक करकर आवाज. एमटीबीवर याच रस्त्याला २५ किमीनंतर परत फिरायचो, या वेळी ६० झाले. मीनलताई, चहा मलाही मिळाला. गुऱ्हाळावर ताजा गूळही.

आता ऑफिस. दोन दिवस ग्रॅव्हल घेऊन गेलो. खाली पार्किंगमध्ये साखळी लावून ठेवली आणि दिवसभर मन तिथेच. जेवणाच्या सुट्टीत दोनदा बघून आलो. भाजी घेताना मंडईबाहेर उभी करवली नाही. सात वर्षं जुनी, रंग उडालेली हायब्रिड मी कुठेही निश्चिंत सोडतो. आप्पांनी कुलपाचं लिहिलं ते तिथे पटलं.

म्हणून ठरवलं: रोडबाइक आणि एमटीबी विकतो, ग्रॅव्हल घेतो, दोन चकत्यांची, आणि पुढच्या वर्षी ३२ च्या टायरची दुसरी जोडी. हायब्रिड राहील, पण ती खाली जिन्याखाली साखळीला. तिसऱ्या मजल्यावर एकच सायकल चढेल. टेबलाची जागा मोकळी झाली, मुलीने काल तिथे खुर्ची टाकून बघितली.

मीच विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर: आठवण येईल ती पहाटेच्या ग्रुपची, एकामागे एक ओळीत चालताना समोरच्याच्या मागे मिळणाऱ्या त्या शांत वेगाची. चढण_उतरण, तुम्ही त्याबद्दल बरोबर होता. ती मला ३२ च्या टायरवर थोडीफार परत मिळते का, ते दुसरी जोडी आल्यावर लिहीन.

नवखा_सांगली, एमटीबी १५ हजारांत तुमची. चेन आणि ब्रेक पॅड नवीन टाकून देतो. निरोपात फोन नंबर पाठवा.

डोंगरवाट

नवखा, घेताना पुढच्या सस्पेन्शनचं सील बघ, तेल गळत नाही ना. दंडोबाला पहिल्यांदा जाशील तेव्हा सीट खाली करून उतर आणि हेल्मेट विसरू नकोस.

नवखा_सांगली

काका, खरंच? फोन पाठवला आहे. शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो. एसटीच्या टपावर सायकल टाकता येते का, कुणी सांगेल का?